विश्लेषण : वॅक्सिंगने केस निघतात, त्वचेचे काय होते?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि पार्लरच्या वह्या भरू लागतात. लग्न ठरलेल्या अनेक मुली याच काळात दोन ठिकाणी जातात. मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे आणि ‘प्री-ब्रायडल पॅकेज’साठी पार्लरमध्ये. एकीकडे गोळी सुरू होते, दुसरीकडे वॅक्सिंग. डॉक्टरला पार्लरचे माहीत नसते, पार्लरला गोळीचे. मग एखाद्या दिवशी ओठावरची पट्टी ओढताच केसांबरोबर कातडीही सोलवटून निघते. खापर बहुतेक वेळा वॅक्सवर किंवा ब्युटिशियनच्या हातावर फुटते. खरे कारण औषधाच्या डबीत असू शकते. वॅक्सिंग हे केसांचे काम मानले जाते, पण प्रत्यक्षात ते त्वचेवर केले जाते. त्यातले बहुतेक धोके या एका गैरसमजातून येतात.

वॅक्समध्ये नेमके काय असते?

वॅक्स म्हणजे मेण. मात्र गल्लीतल्या पार्लरच्या डब्यात मेण असेलच असे नाही. सर्वात जुना आणि स्वस्त प्रकार साखरेचा. साखर, लिंबाचा रस आणि पाणी एकत्र आटवून केलेला हा पाक असतो. लाडवाच्या पाकासारखा तो तारेवर थांबवत नाहीत, मधासारखा रंग येईपर्यंत शिजवतात. लिंबातल्या आम्लामुळे साखरेचे पुन्हा खडे होत नाहीत आणि पाक चिकट, लवचीक राहतो. अरबी देशांत याला ‘हलावा’ म्हणतात, तुर्कस्तानात ‘आदा’. हा प्रकार पाण्यात विरघळतो, त्यामुळे नंतर ओल्या फडक्याने पुसला तरी निघून जातो.

दुसरा प्रकार राळेचा. पाइन झाडाच्या चिकापासून मिळणारी राळ, तेले आणि कधी मेण यांचे ते मिश्रण असते. पार्लरमध्ये ‘रिका’ किंवा ‘चॉकलेट’ या नावांनी जे महाग वॅक्स मिळते, ते बहुधा या तेलात विरघळणाऱ्या जातीचे असते. ते पातळ थरात पसरते, तुलनेने कमी तापमानाला चालते आणि त्याचा चिकटपणा तेलानेच काढावा लागतो. तिसरे ‘हार्ड वॅक्स’. ते जाड थरात लावतात आणि थोडे घट्ट झाले की पट्टीशिवाय सोलून काढतात. काख आणि चेहऱ्यासारख्या नाजूक जागी ते वापरले जाते, कारण ते त्वचेपेक्षा केसाला जास्त धरते.

राळ ही अॅलर्जी आणणारी ओळखीची वस्तू आहे. कॉन्टॅक्ट अॅलर्जी शोधण्यासाठी पाठीवर चिकटवल्या जाणाऱ्या ‘पॅच टेस्ट’च्या संचात ‘कोलोफनी’ या नावाने ती असतेच. ज्यांना चिकटपट्टीने खाज सुटते, त्यांना राळेच्या वॅक्सनेही सुटू शकते. चॉकलेट किंवा कोरफडीच्या वासाने त्यात फरक पडत नाही.

पट्टी ओढल्यावर त्वचेत काय घडते?

वॅक्स केसाच्या वाढीच्या दिशेने पसरतात, वर कापडाची किंवा कागदी पट्टी दाबतात आणि उलट दिशेने झटक्यात ओढतात. पट्टी वर उचलायची नसते, त्वचेला समांतर ओढायची असते. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरावी लागते. ते केले नाही तर केस मुळापासून न निघता मध्येच तुटतो. तुटलेला केस वाढताना त्वचेतच वळतो आणि तिथे पुटकुळी येते. तिच्यात जंतू शिरले की ती होते केसतूड. ज्यांचे केस कुरळे आणि राठ, त्यांना हा त्रास जास्त.

केस किमान पाच-सहा मिलिमीटर वाढलेला नसेल तर वॅक्सच्या पकडीत येत नाही. शिवाय सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढीच्या अवस्थेत असतात, काही विश्रांतीच्या, काही त्वचेखाली तयार होत असतात. म्हणून ‘पंधरा दिवसांत केस परत आले’ ही तक्रार होते तेव्हा दिसणारे केस बहुधा नवे नसतात. वॅक्सिंगच्या दिवशी ते त्वचेच्या वर आलेलेच नव्हते. साधारण तीन ते सहा आठवडे हा परिणाम टिकतो. केस काढल्याने ते जाड होतात, ही समजूत मात्र खोटी आहे. वस्तऱ्याबाबत तर हे १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी संशोधिकेने तपासून दाखवले होते. जवळपास शंभर वर्षे झाली, समजूत जागच्या जागी आहे.

पार्लरमध्ये हमखास ऐकू येणारे दुसरे वाक्य म्हणजे ‘वॅक्सने टॅन निघतो’. हात उजळ दिसतो हे खरे. पण पट्टीला केसांसोबत चिकटून येतो तो त्वचेचा सर्वात वरचा, मृत पेशींचा थर. शरीरातले पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवण्याचे काम हाच थर करतो. त्वचेच्या संशोधनात हा थर मुद्दाम काढायचा असेल तर चिकटपट्टी लावून ओढतात. वॅक्सची पट्टी न सांगता तेच करते. निरोगी त्वचेवर हा थर काही दिवसांत भरून येतो. प्रश्न येतो तो ज्यांची त्वचा आधीच कमकुवत झाली आहे त्यांचा.

मुरुमांची गोळी सुरू असताना वॅक्सिंग का नको?

जुन्या, खोल मुरुमांवर ‘आयसोट्रेटिनॉइन’ हे औषध दिले जाते. अ जीवनसत्त्वाच्या कुळातले हे औषध तैलग्रंथी आकसवते, त्यामुळे मुरूम बसतात. त्याचबरोबर त्वचेचा वरचा थर पातळ, कोरडा आणि नाजूक होतो. पेशींची एकमेकींवरची पकड सैल झालेली असते. अशा त्वचेवर वॅक्सची पट्टी ओढली तर मृत थरापुरते प्रकरण थांबत नाही, खालची जिवंत त्वचाही सोलवटते. या औषधाच्या माहितीपत्रकातच, उपचार सुरू असताना आणि थांबल्यावर किमान सहा महिने वॅक्सिंग टाळावे, अशी सूचना असते. ही गोळी सुरू असताना गर्भधारणा होता कामा नये, हे डॉक्टर बजावून सांगतात, आणि सांगायलाच हवे. त्या गडबडीत वॅक्सचे सांगायचे राहून जाते.

लग्नाच्या हिशेबात ही सहा महिन्यांची अट बसवणे अवघड जाते. दिवाळीत गोळी संपली आणि फेब्रुवारीत लग्न असेल, तर त्या लग्नासाठी वॅक्सिंग करता येणार नाही. थ्रेडिंगनेही नाजूक त्वचेला इजा होऊ शकते. त्यामुळे त्या काळात केस कात्रीने किंवा ट्रिमरने कापणे हा सर्वात सुरक्षित मार्ग आहे.

लावायच्या औषधांचेही असेच आहे. ट्रेटिनॉइन, अॅडापलीन ही मुरुमांची जेल त्याच कुळातली. ऑनलाइन मागवलेल्या ‘रेटिनॉल’ सीरमचेही मूळ तेच. अशी औषधे वॅक्सिंगच्या दोन ते पाच दिवस आधी थांबवावीत, असे अमेरिकन अॅकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीचे म्हणणे आहे. चेहऱ्याला लावलेले सीरम हाताच्या वॅक्सिंगला आड येत नाही. अडचण असते ती वरचा ओठ, हनुवटी, कल्ले आणि भुवया यांची.

सोलवटलेली जागा आठवडाभरात भरते, पण भारतीय वर्णाच्या त्वचेवर तिथे काळा डाग राहतो आणि तो जायला काही महिने लागू शकतात. लग्नाच्या अल्बममध्ये तो येऊ नये म्हणून त्यावर ब्लीच, लिंबू किंवा हळद लावली जाते आणि डाग आणखी गडद होतो. त्या जागी साधी पेट्रोलियम जेली लावणे, उन्हापासून जपणे आणि डॉक्टरला दाखवणे, एवढेच पुरे असते.

गोरे होण्याच्या क्रीमचा काय संबंध?

आपल्याकडे ही जास्त मोठी अडचण आहे. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, वर्षानुवर्षे चेहऱ्याला लावली जाणारी अनेक मिश्र क्रीम स्टेरॉइडयुक्त असतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, डाग फिके पडतात, म्हणून बहिणी-बहिणींत ट्यूब फिरते. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि उन्हात आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानात जाऊन पाहिले तर नियमाचा कितपत धाक आहे ते कळते.

स्टेरॉइड क्रीम दीर्घकाळ लावल्याने त्या जागी लव वाढते, हा त्याचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. म्हणजे क्रीममुळे चेहऱ्यावर केस येतात, ते काढायला वॅक्सिंग होते, क्रीमनेच पातळ केलेली त्वचा सोलवटते आणि पडलेल्या डागावर पुन्हा तेच क्रीम लावले जाते. पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या मुलीला यातला पहिला दुवा ठाऊक नसतो. चेहऱ्यावर केस येणे हा आपला दोष आहे, असे ती धरून चालते.

भाजण्याचे प्रकार कसे घडतात?

साठ अंश सेल्सिअसचे पाणी पाच सेकंदांत त्वचा खोलवर भाजू शकते. पाणी निदान ओघळून जाते, वॅक्स चिकटून राहते. त्यामुळे तेवढ्याच उष्णतेचे वॅक्स अधिक नुकसान करते. तापमान दाखवणारा हीटर असेल तर धोका कमी. गॅसवर पातेल्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेले वॅक्स वरून कोमट आणि मध्यभागी उकळते असू शकते. जाणकार ब्युटिशियन आधी स्वतःच्या मनगटावर थेंब लावून पाहते ते यासाठीच. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका वेळेवर कळतही नाही. त्यांनी पायांचे वॅक्सिंग डॉक्टरला विचारूनच करावे.

भाजलेच तर वॅक्स ओढून काढायचे नाही. आधी त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडायचे. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांपैकी काही नको. चिकटलेले वॅक्स थंड झाल्यावर तेलाने हळूहळू सुटते. फोड आले, किंवा भाजलेली जागा चेहऱ्यावर वा जांघेत असेल तर डॉक्टरकडे जावे.

जंतुसंसर्गाचा धोका कितपत?

हात-पायांच्या वॅक्सिंगमध्ये कमी, जांघेच्या भागात जास्त. पट्टी ओढल्यावर प्रत्येक केसाच्या जागी एक उघडे छिद्र राहते. तीच लाकडी पट्टी एकीच्या त्वचेवर फिरवून पुन्हा डब्यात बुडवली, की जंतू डब्यात उतरतात. वापरण्याजोगे वॅक्स इतके गरम नसते की सगळे जंतू मरतील. हात भाजेल एवढे ते तापवताच येत नाही, त्यामुळे ‘गरमच आहे, काही होत नाही’ हे म्हणणे चुकीचे आहे.

२००७ मध्ये ‘क्लिनिकल इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील एका वीस वर्षांच्या तरुणीची नोंद प्रसिद्ध झाली. तिला टाइप-१ मधुमेह होता आणि साखर आटोक्यात नव्हती. जननेंद्रियाच्या भागाचे वॅक्सिंग केल्यानंतर तिला जिवावर बेतणारा संसर्ग झाला. अशी प्रकरणे दुर्मीळ आहेत. तरीही अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २००९ मध्ये, दोन महिलांना रुग्णालयात दाखल करावे लागल्यानंतर, या वॅक्सिंगवर बंदीचा विचार केला होता. सलूनचालक आणि ग्राहक दोघांनीही विरोध केल्याने तो मागे घेण्यात आला.

त्या भागातले केस काढण्याला आरोग्याचे कारण नाही. बाळंतपणाआधी ते सरसकट काढू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे आहे. काढायचेच असतील तर ती ज्याची त्याची आवड. मधुमेह, नागीण किंवा जांघेतला नायटा असताना मात्र ही आवड महागात पडते.

हनुवटीवरचे केस पार्लरमध्ये काढावेत की डॉक्टरला दाखवावेत?

ओठावर बारीक लव असणे अगदी सामान्य आहे. हनुवटी, छाती, बेंबीखाली जाड काळे केस येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर कारण ‘पीसीओएस’ असू शकते. पुनरुत्पादनक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचे निदानच झालेले नसते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढे मधुमेह, वंध्यत्व यांचा धोका वाढतो. म्हणजे दर महिन्याला हनुवटीचे वॅक्सिंग करून जे झाकले जाते, ते लक्षण असते. थोड्याच महिन्यांत झपाट्याने केस वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर एक दिवसही थांबू नये. हार्मोन सोडणारी गाठ नाही ना, हे तपासावे लागते.

यात एक व्यावहारिक गोम आहे. शरीराच्या नऊ जागांवरचे केस पाहून डॉक्टर त्याला गुण देतात. १९६१ मध्ये फेरिमन आणि गॅलवे यांनी सुचवलेल्या पद्धतीचे हे सुधारित रूप. पण डॉक्टरकडे जायचे म्हणून बाई आदल्या दिवशी वॅक्सिंग करून जाते. समोर स्वच्छ चेहरा, गुण शून्य. ‘मी दर तीन आठवड्यांनी काढते’ एवढे सांगितले तरी निदानाची दिशा बदलते.

गावातल्या अनेक मुलींच्या बाबतीत हे केस सर्वात आधी पाहणारी व्यक्ती आई किंवा डॉक्टर नसते, तर पार्लरवाली ताई असते. ‘एकदा तपासून घे’ हे तिचे वाक्य मुलगी ऐकूनही घेते.

नियम काय सांगतात?

वॅक्स ही वस्तू औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येते. डब्यावर घटक, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली असणे बंधनकारक आहे. ठोक बाजारातून सुटे आणलेले, लेबल नसलेले वॅक्स दिसले तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. सेवेत हयगय झाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते, आणि १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. त्यासाठी बिल हवे. छोट्या पार्लरमध्ये ते मागायची पद्धत नाही, मागितले तर ताई हसते.

वॅक्स लावणाऱ्या हाताबद्दल मात्र कायदा गप्प आहे. अमेरिकेतील राज्यांप्रमाणे परीक्षा देऊन परवाना घेतल्याशिवाय काम करता येणार नाही, असे बंधन भारतात नाही. ‘आयटीआय’मध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण तो ऐच्छिक. पंधरा दिवसांचा क्लास करूनही पाटी लावता येते. करखात्याने मात्र या व्यवसायाची दखल घेतली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यसेवांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या पार्लरना तो लागूच होत नाही.

शासन वॅक्सिंगकडे कसे पाहते याचा एक नमुना करोनाकाळात दिसला. जून २०२० मध्ये महाराष्ट्राने सलून आणि पार्लर उघडायला परवानगी दिली तेव्हा आदेशात केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग आणि थ्रेडिंग यांना मुभा होती. त्वचेशी संबंधित सेवांना मात्र मनाई होती. वॅक्सिंग केसांच्या रकान्यात गेले ते असे. टॉवेल एकदाच वापरायचे, उपकरणे प्रत्येक ग्राहकानंतर निर्जंतुक करायची, अशा अटी त्याच आदेशात होत्या. खरे तर त्या कायमच हव्या होत्या.

ब्युटिशियनने विचारायचे की ग्राहकाने सांगायचे?

‘कुठली गोळी, कुठले क्रीम चालू आहे?’ हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. काही मोठ्या सलूनमध्ये त्यासाठी छापील फॉर्म असतो. अॅपवरून घरी येणाऱ्या ब्युटिशियनच्या बाबतीत मात्र वेळ मोजलेला, पुढची अपॉइंटमेंट ठरलेली आणि ग्राहकाने दिलेल्या ताऱ्यांवर पुढचे काम अवलंबून. अशी कामगार ‘आज तुमचा ओठ करणार नाही’ असे म्हणून पैसे सोडेल, ही अपेक्षा जड आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राममध्ये अॅपवर काम करणाऱ्या ब्युटिशियन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कमिशन आणि कामाच्या अटी हेच त्यांचे मुद्दे होते. नकार देणारीचे नुकसान होणार नाही, अशी सोय कंपनीने किंवा पार्लरमालकिणीने केली तरच हा प्रश्न विचारला जाईल.

तोवर सांगण्याची जबाबदारी ग्राहकावर येते. मुरुमांची गोळी सुरू असेल किंवा सहा महिन्यांच्या आत संपली असेल, चेहऱ्याला कुठलेही औषधी क्रीम लावत असाल, रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल किंवा मधुमेह असेल, तर पट्टी लावण्याआधी सांगावे. ऊन लागून त्वचा लाल झालेली असेल तर तो दिवस टाळावा. नवे वॅक्स असेल तर हाताच्या आतल्या बाजूला छोटा ठिपका लावून एक दिवस वाट पाहावी. वॅक्सिंगनंतर चोवीस तास घट्ट कपडे, गरम पाण्याची अंघोळ आणि सुगंधी लोशन नको. आणि लग्न असेल तर चेहऱ्याचे पहिले वॅक्सिंग हळदीच्या आदल्या दिवशी करू नये. महिनाभर आधी एकदा करून पाहिले, तर काही बिघडलेच तरी ते भरून यायला वेळ मिळतो.